दुष्काळ आणि टंचाई

दुष्काळ म्हटला की १९७२ साल आठवते. तेव्हा पाऊसच फार कमी पडला. अंबरनाथ-बदलापूर परिसरात मात्र वर्षाला २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. २६ जुलै २००५ रोजी बदलापुरात उल्हास नदी घरांत शिरली होती! तरी उन्हाळ्यात नळापाशी हंड्यांची रांग का? इथला काळा कातळ पाणी फारसे मुरू देत नाही. बरेचसे चार महिन्यांतच खाडीला मिळते. मग भिस्त बारवी धरण व नदीवर. हा दुष्काळ नव्हे, साठवणीची व वाटपाची टंचाई होय.

विद्यार्थ्यांनी गणित करावे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. १०० चौरस मीटर गच्चीवर वर्षाला दोन लाख लिटर! पहिल्या सरींचे पाणी सोडून द्यावे, त्यात गच्चीची घाण असते. पुढचे गाळून जुन्या विहिरीत सोडावे. पण आपण त्याच विहिरींत कचरा टाकतो. चाळीत हा खर्च एकट्याला झेपत नाही, सर्वांनी वर्गणी काढावी.