जागल्याला नवी खूण : रक्ताच्या कॅन्सरवरचा नवा उपचार

एका गटातल्या ताईंनी विचारलं होतं, "रक्ताच्या कॅन्सरवर आता पेशंटच्याच रक्तातून औषध बनवतात म्हणे, खरं का?" खरं आहे. आणि ते औषध आपल्या मुंबईत तयार झालंय. आज तेच समजून घेऊ.

बचत गटाची बैठक ठरली की अध्यक्ष एकीला सांगतात, ती दुसरीला, दुसरी तिसरीला. मग सगळ्या जमतात. आपल्या शरीरातल्या पेशींचंही असंच चालतं. पेशीच्या बाहेरच्या अंगाला खूण ओळखणारी प्रथिनं असतात. खूण पटली की निरोप आत जातो, एकाकडून दुसऱ्याकडे पोचतो आणि पेशी कामाला लागते.

रक्तातल्या टी-पेशी म्हणजे शरीराचे जागले. बाहेरचा रोगजंतू आला की त्या हल्ला करतात. पण कॅन्सरची पेशी आपल्याच घरातली, बिघडलेली. जागल्याला ती अनेकदा ओळखू येत नाही. खूण पटत नाही, म्हणून निरोपच जात नाही.

शास्त्रज्ञांनी इथंच बदल केला. पेशंटचं रक्त मशीनमधून फिरवून टी-पेशी वेगळ्या काढतात. रोग होणार नाही अशा केलेल्या विषाणूच्या मदतीनं त्यांत नवा जनुक, म्हणजे नवी सूचना घालतात. त्यामुळे पेशीवर एक नवं प्रथिन उगवतं. त्याचं बाहेरचं टोक 'सीडी 19' ही खूण ओळखतं. आतल्या टोकाचे दोन भाग : एक सांगतो "हल्ला कर", दुसरा सांगतो "टिकून राहा, वाढ". अशा पेशी वाढवून सलाईनसारख्या पेशंटच्या शिरेतून परत देतात. याला 'कार-टी' उपचार म्हणतात.

आयआयटी मुंबईतले प्राध्यापक राहुल पुरवार यांचा गट आणि टाटा मेमोरियलचे डॉक्टर यांनी मिळून हा उपचार घडवला. जून 2021 मध्ये टाटाच्या खारघर केंद्रात पहिल्या पेशंटला तो दिला. ऑक्टोबर 2023 मध्ये सरकारी मंजुरी मिळाली. नाव 'नेक्सकार 19'. परदेशात अशा उपचाराला 3 ते 4 कोटी लागतात. इथं सुरुवातीला 30 ते 40 लाख सांगितले गेले. तरी आपल्यासाठी ही रक्कम डोंगराएवढीच.

आता नीट ऐका. हा उपचार सगळ्या कॅन्सरवर नाही. रक्तातल्या बी-पेशींच्या काही कॅन्सरवर आहे, तोही आधीचे उपचार लागू पडले नाहीत किंवा आजार उलटला तर. स्तनाच्या किंवा गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरवर तो चालत नाही. चाचणीत 100 पैकी साधारण 73 जणांना गुण आला, सगळ्यांना नाही. जोराचा ताप येतो, बीपी उतरतं. 'सीडी 19' ही खूण चांगल्या बी-पेशींवरही असते. त्याही मरतात, म्हणून पुढे जंतुसंसर्गाची भीती राहते. मोठ्या दवाखान्यात तज्ज्ञांच्या नजरेखालीच हा उपचार घ्यावा लागतो.

म्हणून कुणी "पेशींचा इलाज, कुठलाही कॅन्सर बरा" असं सांगून पैसे मागितले, तर शेत गहाण टाकू नका. आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा. लहान मुलांचा रक्ताचा कॅन्सर तर बहुतेक वेळा नेहमीच्या केमोथेरपीनं बरा होतो. ती अर्धवट सोडू नका. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत केमोथेरपीचा खर्च बसतो. दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा.

मानेत, काखेत, जांघेत न दुखणारी गाठ. हटत नसलेला ताप. रात्री घामानं कपडे भिजणं. कारण नसताना वजन उतरणं. अंगावर निळे डाग. यातलं काही दिसलं की आशाताईंना सांगा आणि डॉक्टरांना दाखवा. छत्रपती संभाजीनगरला सरकारी कॅन्सर रुग्णालय आहे.

पेशीला निरोप पोचवायला शास्त्रज्ञांची वर्षं गेली. हा निरोप शेजारणीपर्यंत पोचवायला आपल्याला एक बैठक पुरे.