पंप कोरडा पडला, हीटर नाही

अमेरिकेत आणि कॅनडात पॉपअप कॅम्पर बाळगणारी मराठी कुटुंबं आता बरीच आहेत. छत वर उचललं की कापडी भिंती उभ्या राहतात, खाली दाबलं की चाकांवरची पेटी होते, असं हे सुटसुटीत प्रकरण. दसरा उलटला, उत्तरेकडे रात्री गोठायला लागल्या, की या मंडळींच्या तोंडून एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘पंप चालू ठेवून सगळे नळ सोडले, पाणी यायचं थांबलं. हीटर रिकामा झाला.’

नाही झाला. तो जवळजवळ काठोकाठ भरलेला आहे.

कॅम्परच्या हीटरची टाकी बहुधा सहा गॅलनची, म्हणजे साधारण २३ लिटरची असते. थंड पाणी तिच्यात तळाजवळून शिरतं आणि गरम पाणी माथ्यापासून बाहेर पडतं. नळ उघडला की गरम पाणी आपण होऊन वाहत नाही, खालून येणारं थंड पाणी त्याला वर ढकलतं. साठ्याची टाकी संपून पंप नुसती हवा ओढू लागला की हा रेटा थांबतो, आणि हीटरमधलं पाणी आहे तिथेच राहतं. पुण्या-मुंबईतल्या बाथरूममधला साठवणीचा गिझर आठवून पाहा. गच्चीवरची टाकी रिकामी झाली की गरम पाण्याचा नळ कोरडा पडतो, पण त्याच वेळी गिझर उतरवायला आलेला प्लंबर खाली बादली मागतो. ती उगाच नाही.

हे पटलं की पुढचा युक्तिवाद तयार असतो: ‘कॅम्परच्या पोटाखालचे ड्रेन व्हॉल्व्हही उघडले होते.’ ते नळ्या रिकाम्या करतात. गरम पाण्याची नळी टाकीच्या माथ्याला जोडलेली असते, त्यामुळे त्या पातळीखालचं पाणी तिच्यातून उतरत नाही. थंड पाण्याच्या बाजूला अनेकदा एकमार्गी व्हॉल्व्ह बसवलेला असतो, तोही पाणी मागे येऊ देत नाही. मग कोणी अभिमानाने कॉम्प्रेसर आणतो. हीटरचा ड्रेन प्लग जागेवर ठेवून हवा मारली तर ती टाकीच्या माथ्याशी जमते आणि तिथूनच गरम नळाने फुसफुसत निघून जाते. खालचं पाणी स्वस्थ. इतकं सांगूनही ‘पण नळातून तर काहीच येत नव्हतं’ हे ऐकावं लागतं, तेव्हा वाद घालण्यापेक्षा सरळ पाना हातात द्यावासा वाटतो.

गोठताना पाणी सुमारे नऊ टक्के फुगतं. २३ लिटरला ही वाढ दोन लिटरच्या आसपास जाते. त्यात बारीक नळ्या टाकीच्या आधी गोठतात, म्हणजे फुगणाऱ्या पाण्याची बाहेर पडायची वाटच बुजते. मिनेसोटा, मिशिगन, ओंटारियोचा हिवाळा टाकी फोडायला पुरून उरतो, आणि ती फुटलेली कळते थेट वसंतात, पाणी भरल्यावर.

हीटर रिकामा होतो तो त्याचा स्वतःचा प्लग काढल्यावरच. आधी गॅस आणि विजेचं एलिमेंट बंद करा, मग पाणी गार होऊ द्या. काही तास लागले तर लागू द्या. दाबाखालचं गरम पाणी प्लगच्या मागे असतं आणि प्लग काढणाऱ्याचा चेहरा बरोबर पुढे. पंप बंद करून किंवा बाहेरचा पाइप काढून गरम पाण्याचा नळ उघडा, म्हणजे दाब उतरतो. पॉपअपमध्ये हे काम छत मिटवण्याआधीच करायचं, नंतर आतल्या नळापर्यंत हात पोचत नाही. मग बाहेरच्या बाजूचं झाकण उघडून प्लग सोडवा. सबर्बन कंपनीच्या हीटरला १-१/१६ इंची सॉकेट लागतो आणि प्लगबरोबर एक लांब दांडी बाहेर येते. अ‍ॅटवुडला नायलॉनचा साधा प्लग असतो. वरच्या सेफ्टी व्हॉल्व्हचा खटका उचललात की आत हवा शिरते आणि गुळगुळ थांबून पाणी भळाभळा येतं.

ती झिजलेली, खडबडीत दांडी पाहून ‘टाकी सडली’ म्हणून घाबरणारेही भेटतात. उलट आहे. ती मॅग्नेशियमची किंवा अ‍ॅल्युमिनियमची असते आणि पोलादी टाकीऐवजी गंजणं हेच तिचं काम. तीन चतुर्थांश झिजली की बदलायची. अ‍ॅटवुडची टाकी अ‍ॅल्युमिनियमची, तिला दांडी नसते. तिच्या नायलॉनच्या प्लगला ‘स्वस्तातलं काम’ म्हणत पितळी प्लग आवळणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की खराब व्हायचे तर प्लगचे आटे व्हावेत, टाकीचे नव्हे, यासाठीच तो मऊ ठेवलाय.

प्लगच्या भोकाखाली थोडं पाणी उरतंच. त्यासाठी कॅम्पर उलटासुलटा करू नका. अ‍ॅटवुडच्या पुस्तिकेनुसारही सुमारे दोन क्वार्ट, म्हणजे जेमतेम दोन लिटर पाणी राहतं आणि ते गोठलं तरी टाकी फुटत नाही. वर फुगायला मोकळी जागा असते.

हीटरमध्ये अँटिफ्रीझ भरायची गरज नाही. बायपास व्हॉल्व्ह फिरवला की सहा गॅलन वाचतात. नळ्यांसाठी मात्र गुलाबी, प्रॉपिलीन ग्लायकॉलचंच वापरा. गाडीतल्या इथिलीन ग्लायकॉलचा पिण्याच्या पाण्याशी संबंध येता कामा नये, ते विषारी आहे.

‘हिवाळ्यात नळ घट्ट बंद ठेवावेत’ हाही गैरसमजच. इलिनॉय विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९० च्या दशकात घरांतल्या नळ्यांचा अभ्यास केला, तेव्हा नळी बर्फाच्या नुसत्या रेट्याने फुटत नाही, बर्फ आणि बंद नळ यांच्यामध्ये कोंडलेल्या पाण्याचा दाब वाढून फुटते, असं दिसलं. नळ उघडे असू द्या.

आणि वसंतात प्लग लावल्यावर लगेच विजेचं बटण दाबून ‘गरम होतंय का’ बघू नका. कोरड्या टाकीत एलिमेंट बघता बघता जळतं. गरम पाण्याच्या नळातून न अडखळता सलग धार येऊ लागली, की मगच.