चावी फिरवण्याआधीची चार मिनिटं

पावसाळ्यात पवई तलाव भरला की सांडव्यावरून पाणी धो धो वाहू लागतं आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात त्याची बातमी येते. 1890 साली बांधलेल्या या तलावात 545 कोटी लिटर पाणी मावतं, हेही त्या बातमीत दरवर्षी असतं. सांडव्यावरून जातं ते मात्र वरचं पाणी. तळाशी बसलेला गाळ जागचा हलत नाही. तलाव कितीही वेळा भरून वाहिला, तरी गाळ साचतच जातो.

हे चित्र डोळ्यांसमोर ठेवा, कारण मोटरबोटीच्या इंजिनाच्या खणात नेमकं हेच घडतं. तिथे गाळाच्या जागी पेट्रोलची वाफ असते.

तलावासमोर, आदि शंकराचार्य मार्गावर, ‘इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग’चं मुख्यालय आहे. 1975 साली स्थापन झालेली ही आपली जहाज-वर्गीकरण संस्था. जहाज कसं बांधावं, त्यात कोणतं यंत्र कुठे आणि कसं बसवावं याचे नियम ती करते, आणि ते पाळले गेले की नाही हे तिचे सर्व्हेअर जहाजावर जाऊन तपासतात. रोज हजारो पवईकर बसमधून या इमारतीवरून जातात. इथल्या जाडजूड नियमग्रंथांमध्ये यंत्रकक्षातली हवा कशी खेळती ठेवावी याचीही कलमं असतात, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. मोठ्या जहाजावर ती हवा सांभाळायला इंजिनिअरांचा ताफा असतो. किनाऱ्यावरच्या छोट्या बोटीवर असतो एकटा चालक, आणि बऱ्याचदा त्याला हे कोणी शिकवलेलंच नसतं.

छोट्या बोटींची इंजिनं दोन तऱ्हांची. एक बोटीच्या मागच्या फळीवर बाहेर टांगलेलं, म्हणजे आउटबोर्ड. त्यातून पेट्रोल ठिबकलं तर वाफ वाऱ्यावर निघून जाते. दुसरं बोटीच्या पोटात, झाकणाखाली बसवलेलं इनबोर्ड. आपल्याकडचे मच्छीमार ट्रॉलर आणि गेटवेहून घारापुरीला जाणाऱ्या लाँच यांची इंजिनं अशी पोटातली असतात, पण ती डिझेलवर चालतात. पेट्रोलवर चालणारं इनबोर्ड मराठी माणसाला भेटतं ते वेगळ्याच रूपात. अलिबाग, नागाव, काशीद, मालवण, तारकर्लीच्या किनाऱ्यावर जी वॉटर स्कूटर घुर्र करत लाटांवर उड्या मारते, तिच्या सीटखाली बंद पेटीत पेट्रोल इंजिन असतं. आपल्यापैकी अनेक जण आयुष्यात एकाच पेट्रोल इनबोर्ड मोटरबोटीवर बसलेले असतात, आणि ती ही.

गेल्या मे महिन्यात अशाच एका किनाऱ्यावर मी पाहत उभा होतो. अठरा-वीस वर्षांच्या मुलाने प्लास्टिकच्या कॅनमधून स्कूटरच्या टाकीत पेट्रोल ओतलं. थोडं बाहेर सांडलं, ते त्याने फडक्याने पुसलं, झाकण लावलं आणि चावीला हात घातला. मी म्हटलं, ‘‘बाळा, आधी सीट उचल, दोन-चार मिनिटं उघडी ठेव.’’ तो म्हणाला, ‘‘काका, एवढा वेळ कोण थांबतं? गिऱ्हाईक उभं आहे.’’ तरी त्याने सीट उचलली. आत वाकलो तर पेट्रोलचा वास नाकात भसकन शिरला. मुलाला तो जाणवलाच नव्हता. त्यात त्याचा दोष नाही. सकाळपासून पेट्रोलजवळ वावरणाऱ्याचं नाक त्या वासाला सरावतं आणि मग मेंदू त्याची दखल घेणंच थांबवतो. म्हणून वास घ्यायला शक्यतो ताज्या नाकाचा माणूस बोलवावा. एरवी आपलं नाक या कामात फार तरबेज आहे. हवेत पेट्रोलच्या वाफेचं प्रमाण पेट घेण्याजोगं व्हायच्या कितीतरी आधी ते इशारा देतं. फक्त ते खाली, खणाच्या बुडाशी न्यायला हवं.

खालीच का? पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. ती वर उडत नाही. पाण्यासारखी उतारावरून वाहते आणि सगळ्यात सखल जागी तळं करून बसते. मोटारगाडीच्या बॉनेटखाली इंजिन ज्या जागेत असतं ती खालून उघडी असते. वाफ रस्त्यावर सांडते आणि विरते. बोटीला खालून भोक ठेवता येत नाही. बोटीचं बूड हा वाफेसाठी एक बंद हौद असतो.

आता किती वाफ पुरते ते पाहू. वाफेचं प्रमाण हवेत साधारण 1.4 टक्क्यांपासून 7.6 टक्क्यांपर्यंत असेल तर मिश्रण पेट घेतं. त्याहून कमी असेल तर वाफ पुरत नाही, जास्त असेल तर प्राणवायू पुरत नाही. टपरीवरच्या कटिंग चहाच्या ग्लासात मावेल एवढं, म्हणजे 50 मिलिलिटर पेट्रोल सांडलं असं समजा. त्याची पूर्ण वाफ झाली की ती नऊ-दहा लिटर जागा व्यापते. हवेत मिसळून ती 1.4 टक्क्यांवर आली की तयार होतं सुमारे साडेसहाशे लिटर स्फोटक मिश्रण. एक मीटर लांब, 80 सेंटिमीटर रुंद आणि तेवढीच खोल पेटी 640 लिटरची होते. लहान बोटीचा इंजिनाचा खण साधारण एवढाच असतो. म्हणजे एका कटिंगएवढ्या पेट्रोलमध्ये तो खण काठोकाठ भरतो. ठिणगीला ऊर्जाही नाममात्र लागते, मिलिज्यूलच्या चौथ्या भागाएवढी. सुक्या हवेत दाराच्या मुठीला हात लावताना बोटाला जो चटका बसतो, त्यात याहून जास्त ऊर्जा असते. स्टार्टरची ठिणगी तर त्याच्या कितीतरी पुढची.

म्हणून पेट्रोल इनबोर्डमध्ये ब्लोअर लागतो. हा विजेवर चालणारा छोटा पंखा, आणि त्याला जोडलेला लवचीक पाइप. त्या पाइपचं तोंड कुठे आहे, यावर सगळं अवलंबून असतं. ते खणाच्या खालच्या तिसऱ्या भागात असायला हवं आणि बुडाशी साचणाऱ्या पाण्याच्या पातळीच्या वर राहायला हवं. पाइप पाण्यात बुडाला तर ब्लोअर नुसता गुरगुरत राहतो, हवा ओढत नाही. पाइप निसटून वर लटकला तर तो पवईच्या सांडव्यासारखा वरवरचं नेतो आणि तळातलं तळातच राहतं. जुन्या बोटींमध्ये हा पाइप फाटलेला किंवा क्लिपमधून सुटलेला सापडणं ही नेहमीची गोष्ट. बाहेर पंख्याचा आवाज ऐकू येतो, चालक निर्धास्त असतो आणि खाली वाफ तशीच पडून असते. ब्लोअर चालू आहे याची खूण त्याच्या आवाजात शोधू नये. बाहेरच्या झडपेसमोर हात धरावा. झोत हाताला लागला पाहिजे.

अमेरिकेने 1940 सालच्याच मोटरबोट कायद्यात पेट्रोल बोटींना वायुवीजन आणि कार्ब्युरेटरवर ज्वाला अडवणारी जाळी बंधनकारक केली. 1980 नंतर बांधलेल्या पेट्रोल इनबोर्ड बोटींना ब्लोअर सक्तीचा झाला. तिथे स्टार्टच्या बटणाजवळ एक सूचना चिकटवलेली असते: इंजिन सुरू करण्याआधी ब्लोअर चार मिनिटं चालवा आणि खणाच्या बुडाशी वाफ आहे का ते तपासा. चारच मिनिटं का, हे मला बरीच वर्षं कळलं नव्हतं. मग एकदा कागद-पेन्सिल घेऊन हिशोब केला.

तिथला नियम असा की सुमारे 960 लिटरपेक्षा लहान खणातून ब्लोअरने मिनिटाला किमान 20 घनफूट, म्हणजे 566 लिटर हवा बाहेर काढली पाहिजे. आपला खण 640 लिटरचा. वाफ आणि हवा नीट मिसळत राहतात असं धरलं तर ब्लोअर वाफ एका दमात काढत नाही, तो ती विरळ करत नेतो. एका मिनिटात मूळच्या वाफेपैकी 41 टक्के उरते, दोन मिनिटांत 17, तीन मिनिटांत 7 आणि चार मिनिटांत 3. समजा, खणात सुरुवातीला 10 टक्के वाफ होती. इतकी दाट वाफ पेटत नाही, कारण प्राणवायू कमी पडतो. ब्लोअर लावून एक मिनिट झालं की ती 4.1 टक्के होते. दोन मिनिटांनी 1.7 टक्के. म्हणजे दोन्ही वेळा आपण पेट घेण्याच्या पट्ट्यात आहोत. तिसऱ्या मिनिटाला ती 0.7 टक्क्यावर येते आणि चौथ्याला 0.3 टक्क्यावर.

हा हिशोब मांडला तेव्हा अंगावर काटा आला. ‘‘मिनिटभर लावला की ब्लोअर, बस झालं’’ म्हणून चावी फिरवणारा माणूस न पेटणारं मिश्रण पेटतं करून ठेवतो आणि नेमक्या त्याच क्षणी ठिणगी पाडतो.

इथे पवईच्या कुठल्याही स्वयंपाकघरातून एक रास्त प्रश्न येईल. गॅसचा वास आला तर पंखा लावू नका, दिव्याच्या बटणाला हात लावू नका, हे घरातल्या शाळकरी मुलालाही माहीत असतं. मग वाफेने भरलेल्या खणात विजेचा पंखा कसा लावायचा? याचं उत्तर त्या पंख्याच्या घडणीत आहे. बोटीच्या ब्लोअरची मोटर अशी बंदिस्त केलेली असते की आतल्या ठिणगीने बाहेरची वाफ पेटत नाही. बोटीसाठी बनवलेल्या स्टार्टरला आणि अल्टरनेटरलाही हीच अट असते. दिसायला ते गाडीच्या सुट्या भागांसारखेच दिसतात, बसतातही तसेच, आणि किमतीत मात्र मोठा फरक असतो. गॅरेजमधून गाडीचा अल्टरनेटर आणून बोटीत चढवला तर इंजिन छान चालतं. त्यातली उघडी ठिणगी कोणाला दिसत नाही. या एका जुगाडाविरुद्ध मी हात जोडून विनवीन. पैसे वाचवायला बोटीत शंभर जागा आहेत, ही त्यातली नव्हे.

आणि बुडाशी पेट्रोल साचलेलंच असेल, तर ब्लोअर कितीही वेळ चालवा, उपयोग नाही. वाफ निघत राहील, नवी होत राहील. वास आला की ब्लोअरसकट कोणत्याही बटणाला हात न लावता झाकण उघडायचं, माणसं उतरवायची, गळती शोधून बुजवायची आणि सांडलेलं टिपून काढायचं. त्यानंतर ब्लोअर.

पेट्रोल भरताना क्रम उलटा असतो, आणि इथेच सगळ्यांचा गोंधळ होतो. भरताना इंजिन बंद, ब्लोअर बंद, सगळी झाकणं बंद, म्हणजे बाहेरची वाफ आत शिरत नाही. माणसं किनाऱ्यावर. सुटा कॅन भरायचा असेल तर तो जमिनीवर ठेवून भरायचा. भरून झालं की सगळं उघडायचं, वास घ्यायचा आणि मग ब्लोअर लावायचा. बोट संथ चालत असतानाही ब्लोअर चालू ठेवलेला बरा, कारण वेग नसला की वाऱ्याने हवा आपसूक आत-बाहेर होत नाही.

डिझेलवाल्यांनी ‘‘हे आमच्यासाठी नाही’’ असं म्हणू नये. डिझेलची वाफ पेट घेण्याइतकी ज्या तापमानाला होते, त्याला फ्लॅश पॉइंट म्हणतात. जहाजांच्या इंधनासाठी तो साधारणपणे किमान 60 अंश सेल्सिअस असावा लागतो. आपल्या पंपावरच्या डिझेलसाठी ही किमान मर्यादा 35 अंश आहे. मे महिन्याच्या दुपारी मच्छीमार बोटीच्या इंजिनाचा खण सहज 45-50 अंशांवर जातो. म्हणजे डिझेल सुरक्षित असतं ते खण थंड आणि कोरडा असेपर्यंत. शिवाय डिझेल इंजिनाला श्वास लागतो. एक लिटर डिझेल जाळायला किमान 10 घनमीटर हवा लागते, प्रत्यक्षात त्याहून बरीच जास्त. तासाला 20 लिटर जाळणाऱ्या लाँचने तासाभरात 200 घनमीटरहून अधिक हवा ओढली पाहिजे. पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून हवेच्या वाटा गोणपाटाने बुजवल्या तर इंजिन काळा धूर ओकू लागतं, तापतं, ताकद हरवतं. तांडेल पंपाला दोष देतो, नाखवा मेकॅनिकला बोलावतो. दोघांनी आधी ते गोणपाट काढून पाहावं.

बोटीवर स्वयंपाकासाठी गॅस सिलिंडर असेल तर त्यातला गॅसही हवेपेक्षा जडच. गळला तर त्याच बुडाशी जाऊन बसेल.

प्रत्यक्ष आग लागली तर मात्र हवेचा हा सगळा नियम फिरतो. तेव्हा ब्लोअर बंद, इंधनाचा कॉक बंद, इंजिन बंद. खणाचं झाकण उघडायचं नाही, उघडलं की आगीला हवा मिळते आणि भडका तोंडावर येतो. झाकणाला अग्निशामकाची नळी शिरेल एवढं छोटं भोक आधीच करून ठेवलेलं असावं, त्यातून आत फवारा मारायचा. हे भोक करायला सुताराला अर्धा तास लागतो.

आपल्या किनाऱ्यावर जलक्रीडेचे परवाने महाराष्ट्र सागरी मंडळ देतं, आणि अंतर्देशीय जलयानांसाठी 2021 चा नवा कायदा आहे. लाइफ जॅकेट घातलंय की नाही, हे आता पर्यटकही विचारू लागले आहेत. तसंच इंजिनाच्या खणाबद्दलही विचारलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. या दिवाळीच्या सुटीत मुलांना वॉटर स्कूटरवर बसवणार असाल तर चालकाला सीट उचलायला सांगा. तुमचं नाक ताजं आहे, तुम्हीच खाली वाका. वास नसला तरी सीट काही मिनिटं उघडी राहू द्या. वास आला तर मुलांचा हात धरा आणि मागे फिरा.