दोन लेन्स आणि एक न लिहिलेला आकडा

गेल्या मे महिन्यात आईच्या गावच्या चर्चमधली जुनी लाकडी वेदी उतरवायची ठरली. आतून वाळवी लागली होती. सगळे भाग सुटे करायचे, दुरुस्त करायचे आणि पुन्हा जसेच्या तसे उभे करायचे असा बेत. 'जसेच्या तसे' करायला आधीचे नीट फोटो हवेत, म्हणून मुंबईहून मामाला बोलावलं. मामा आर्किटेक्ट लोकांसाठी इमारतींचे फोटो काढतो. मी साहित्याची विद्यार्थिनी, त्यामुळे माझ्याकडे दोनच कामं: ट्रायपॉड उचलणं आणि वहीत आकडे लिहिणं. त्यातलं सोपं काम मी चुकवलं. ते कसं, हे कळायला आधी मामाचा कॅमेरा समजून घ्यावा लागेल.

त्याला टेक्निकल कॅमेरा म्हणतात. पहिल्यांदा बघितलं तर वाटतं, दुरुस्तीला खोललाय. एक धातूची चौकट, पुढे लेन्स, मागे डिजिटल बॅक. आत आरसा नाही. बॅकमधला सेन्सर मात्र मोठा. मामाकडे सेकंडहँड घेतलेला फेज वनचा आयक्यू१८० आहे, २०११ चा, ८ कोटी पिक्सेलचा. त्याचा सेन्सर ५३.७ बाय ४०.४ मिलिमीटर, आपल्या मोबाइलचा बोटाच्या नखाएवढाही नसतो. चौकटीवरचे स्क्रू फिरवले की लेन्स आणि सेन्सर एकमेकांच्या मानाने वर-खाली, डावी-उजवीकडे सरकतात. या कॅमेऱ्याचा सगळा जीव त्या सरकण्यात आहे.

का सरकवायचं? तुम्ही मोबाइल वर करून चर्चचा किंवा देवळाचा फोटो काढलाय ना? इमारत मागे कलंडल्यासारखी दिसते, खांब वर जाऊन एकमेकांकडे झुकतात. कॅमेरा वर कलवला की हे होणारच. टेक्निकल कॅमेरा कलवायचा नाही. तो लेव्हल लावून सरळ ठेवायचा आणि लेन्स तेवढी वर सरकवायची. खांब उभेच राहतात आणि वेदीचं टोकही चित्रात येतं.

पण किती सरकवता येईल, ते लेन्स ठरवते. लेन्स आत जे चित्र पाडते ते गोल असतं. मामाने भाकरी आणि पत्ता असं समजावलं. भाकरी म्हणजे ते गोल चित्र, पत्ता म्हणजे सेन्सर. पत्ता भाकरीवर कुठेही सरकवा, कोपरा बाहेर गेला की तिथे काळं. आमच्या पत्त्याचा कर्ण ६७ मिलिमीटर. रोडेनस्टॉकच्या २३ मिलिमीटर लेन्सची भाकरी ७० ची, म्हणजे पत्ता आडवा ठेवला तर जेमतेम २ मिलिमीटर वर सरकणार. श्नायडरच्या २४ ची तर ६० च, या सेन्सरला ती पुरतच नाही. भाकरी ९० ची असली की मात्र जवळजवळ १६ मिलिमीटर मोकळे मिळतात. म्हणून जास्तीत जास्त रुंद दिसणारी लेन्स घ्यावी, हा हिशेब इथे चुकतो. आमच्यापुढे ९० वाल्या दोन होत्या: मामाची स्वतःची श्नायडर अपो-डिजिटार ३५ एक्सएल, आणि मित्राकडून एका दिवसासाठी मागून आणलेली रोडेनस्टॉक एचआर डिगारॉन-डब्ल्यू ३२. एकीत आडवं ७५ अंश दिसतं, दुसरीत ८०. फरक खरं तर तेवढाच वाटतो.

हातात घेतल्या की कळतं. श्नायडर मुठीत मावते. रोडेनस्टॉक दोन हातांनी धरावी लागते. दोघी जर्मन, पण घराणी वेगळी.

आरशाच्या कॅमेऱ्यात लेन्सच्या मागे आरसा हलायला जागा लागते, त्यामुळे वाइड लेन्स सेन्सरजवळ नेता येत नाही. त्यावर तोडगा म्हणजे पुढच्या बाजूला प्रकाश पसरवणारी भिंगं बसवायची. मग मागची काच लांब राहूनही लेन्स वाइडच राहते. १९५० मध्ये पिएर आंजेन्यूच्या फ्रेंच कंपनीने अशा लेन्सला 'रेट्रोफोकस' नाव दिलं. ते होतं त्यांच्या मालाचं नाव, पण आता सगळ्याच कंपन्यांच्या तशा लेन्सना तेच म्हणतात. आपल्याकडे वनस्पती तुपाला डालडा म्हणतात ना, तसं. टेक्निकल कॅमेऱ्यात आरसा नाही, म्हणून तिथे जुनी पद्धत चालत राहिली: मधल्या अ‍ॅपर्चरच्या दोन्ही बाजूंना जवळपास सारखी भिंगं. अशा लेन्समध्ये एका बाजूने केलेला वाकडेपणा दुसरी बाजू बराचसा मिटवते, त्यामुळे सरळ रेघ सरळ राहते. श्नायडर ३५ या घराण्यातली. रोडेनस्टॉक ३२ रेट्रोफोकसकडे झुकलेली, तिच्यात कडेच्या रेघा किंचित वाकतात.

मग श्नायडरच चांगली की! फिल्मच्या काळात हे उत्तर बरोबर होतं. पण तिची मागची काच सेन्सरच्या अगदी जवळ असते, त्यामुळे कोपऱ्यांवर प्रकाश फार तिरका पडतो. १२ मिलिमीटर वर सरकवलं तर सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात किरण सुमारे ५० अंशांनी येतात आणि तिथे मध्याच्या मानाने साधारण सहावा हिस्सा प्रकाश पोचतो. फिल्मवर कोपरे नुसते काळवंडायचे. सेन्सरवर आणखी एक भानगड होते. प्रत्येक पिक्सेलच्या डोक्यावर लाल, हिरवी किंवा निळी काच असते. तिरका किरण एका काचेतून शिरतो आणि शेजारच्या पिक्सेलमध्ये पडतो. भाड्याच्या खोलीत शेजाऱ्याचं पत्र आपल्या दारात पडावं, तसं. परिणाम असा की पांढऱ्या भिंतीची एक बाजू हिरवट आणि दुसरी जांभळट. रोडेनस्टॉकमध्ये किरण बरेच सरळ येतात, रंग फारसा बिघडत नाही. (आयक्यू४ सारख्या नव्या बॅकमध्ये प्रकाश टिपणारा थर तारांच्या वर आणलाय, तिथे श्नायडर पुन्हा छान चालते. पण ती बॅक आमच्या मामाच्या खिशाबाहेरची.)

यावर औषध आहे: दुधी अ‍ॅक्रिलिकची पांढरी शीट. तेच अ‍ॅपर्चर, तेच सरकणं ठेवून लेन्ससमोर शीट धरून एक फोटो काढायचा. सॉफ्टवेअर त्यावरून कुठे किती रंग चढलाय ते ओळखतं आणि मूळ फोटोतून वजा करतं. चर्चमध्ये अंधार होता, एकेक फोटोला अर्धा मिनिट लागत होतं. शीट धरली असती तर कितीतरी मिनिटं. मामा म्हणाला, "शीटचं नंतर बाहेर उन्हात करू. तू फक्त आकडे लिही." कारण या लेन्सना इलेक्ट्रॉनिक्स नसतं. कोणती लेन्स, अ‍ॅपर्चर किती, किती सरकवलं, कॅमेऱ्याला यातलं काहीच ठाऊक नसतं. ते फक्त वहीत.

मी लेन्स लिहिली. अ‍ॅपर्चर एफ/११ लिहिलं. वेळ लिहिली. किती सरकवलं, तो रकाना शेवटच्या चार फोटोंना रिकामा. कोणीतरी चहाला हाक मारली होती, एवढंच आठवतं.

हे कळलं दहा दिवसांनी. तोवर वेदी उतरवून झाली होती. श्नायडरच्या फोटोत छताचा निळा रंग एका बाजूला शेवाळासारखा दिसत होता. रोडेनस्टॉकचे रंग ठीक होते, पण तिथेही वाकलेल्या रेघा सरळ करायला सॉफ्टवेअर हाच आकडा मागतं, नाहीतर ते चुकीच्या जागी मध्य धरून सरळ करतं. मामा रागावला नाही. गप्प बसला, ते जास्त वाईट.

मग तोच म्हणाला, "बाकांच्या रेघा ओढून बघ." बाकांच्या कडा आणि फरशीचे सांधे चित्रात दूर एका बिंदूपाशी जुळतात. कॅमेरा लेव्हलमध्ये आणि समोर सरळ असेल तर तो बिंदू बरोबर लेन्सच्या मध्यासमोर असतो. लेन्स वर सरकवली की बिंदू चित्राच्या मध्याच्या खाली जातो, जेवढं सरकवलं तेवढाच. आम्ही स्क्रीनवर रेघा ओढल्या. बिंदू मध्यापासून सुमारे २३०० पिक्सेल खाली निघाला. या सेन्सरचा एक पिक्सेल ५.२ मायक्रॉनचा. गुणाकार केला: १२ मिलिमीटर. रकान्यात नसलेला आकडा बाकांनी सांभाळून ठेवला होता! चारही फोटोंचे आकडे असेच काढले आणि गच्चीत उन्हात शीट धरून बसलो.

श्नायडरचा हिरवा गेला. पण वरच्या कोपऱ्यांतला निळा खरबरीतच राहिला. तिथे मुळात प्रकाशच सहावा हिस्सा पोचलेला, तो कुठून आणणार? रंगाऱ्याला शेवटी ३२ चे प्रिंट दिले. एक गंमत त्याने विचारली: कडेचे देवदूत मधल्यांपेक्षा गुबगुबीत का? त्यात कुठल्याच लेन्सची चूक नाही. एवढं रुंद दृश्य सपाट पृष्ठभागावर पसरवलं की कडा ताणल्या जातात, दोघींतही. देवदूतांची मापं फोटोवरून घेऊ नका, असं प्रिंटच्या मागे पेन्सिलने लिहून दिलंय. त्याच्याखाली १२ हा आकडाही लिहिलाय, रंगाऱ्याला त्याचा काही उपयोग नसला तरी.