मेणाची डबी आणि कसारा घाट

मी सहावीत होतो. मे महिन्याच्या सुट्टीत मामाच्या ट्रकमधून भिवंडीहून नाशिकला निघालो होतो. मागे कापडाचे गठ्ठे, पुढे मामा, क्लीनर आणि खिडकीशी मी. कसारा मागे पडलं, घाट लागला, आणि अर्धा चढ चढतोय तोच मामा बोलता बोलता गप्प झाला. समोरच्या तबकडीतला काटा भराभर सरकत लाल पट्ट्यात शिरला होता.

मामानं ट्रक कडेला घेतला. क्लीनरनं उडी मारून चाकांमागे दगड लावले.

"गाडी गरम झाली. आता कुणी कशाला हात लावायचा नाही," मामा म्हणाला आणि चक्क झाडाखाली जाऊन बसला.

मला वाटलं होतं, हा आता रेडिएटरचं झाकण उघडून भसाभस पाणी ओतणार. पण घरचा कुकर आठवा. वाफ कोंडली असताना आई त्याचं झाकण उघडू देते का? रेडिएटरचं झाकणही तसंच दाब धरून ठेवतं, म्हणून आतलं पाणी 100 अंशांच्या पुढे जाऊनही उकळत नाही. झाकण उघडलं की दाब जातो आणि त्याच क्षणी पाणी उसळून अंगावर येतं. हात, तोंड भाजलेले ड्रायव्हर मामानं पाहिले होते. शिवाय तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी गेलं तर लोखंडाला तडा जातो, थंडगार काचेच्या पेल्यात कढत चहा ओतल्यावर जातो तसा.

तर आम्ही तासभर बसलो, आणि मी मामाला प्रश्न विचारून भंडावून सोडलं.

इंजिन तापतं यात नवल काहीच नाही. सिलिंडरमध्ये डिझेल पेटतं तेव्हा क्षणभर तिथे 2000 अंशांच्या आसपास तापमान असतं. लोखंड 1538 अंशांना वितळतं! तरी इंजिन वितळत नाही, कारण त्याच्या भिंती आतून पोकळ असतात आणि त्या पोकळीतून सतत पाणी खेळत असतं. (हल्ली त्यात कूलंट नावाचं रंगीत द्रव मिसळतात. ते विषारी असतं, चुकूनही चाखायचं नाही.) पाण्यासारखं उष्णता पोटात घालणारं दुसरं स्वस्त काही सापडणं कठीण. एक किलो लोखंड एका अंशानं तापवायला लागते त्याच्या नऊपट उष्णता एक किलो पाण्याला लागते. ही उष्णता घेऊन पाणी रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जातं, पंख्याच्या वाऱ्यानं निवतं आणि परत इंजिनात येतं. घाटात डिझेल जास्त जळतं, उष्णता जास्त निघते. याच घाटात आगगाडीला मागून ढकलायला जादा इंजिनं जोडतात, यावरून चढाची कल्पना करा.

"पण मामा, हा घाट तू शंभर वेळा चढलायस. मग आजच काय झालं?"

"तेच तर शोधायचंय," मामा म्हणाला आणि उठला.

पुढचा अर्धा तास मी जन्मात विसरणार नाही. मामानं आधी ट्रकखाली वाकून पाहिलं. जमीन कोरडी, म्हणजे पाणी गळत नव्हतं. मग पट्टा पाहिला. तो तुटला की पाण्याचा पंप आणि पंखा दोन्ही बंद पडतात. पण पट्टा घट्ट होता. रेडिएटरच्या जाळीवर कधी पाचट, कधी प्लास्टिकची पिशवी चिकटते आणि वारा अडतो. जाळी स्वच्छ होती. इंजिन बरंच निवल्यावर फडकं धरून झाकण हळूच उघडलं, तर पाणीही काठोकाठ.

मग मामानं एक हात इंजिनाजवळ धरला, दुसरा रेडिएटरला लावला आणि हसला. "हे बघ. इंजिनातून अजून झळ येतेय आणि रेडिएटर कोमट पण नाही. गरम पाणी इथवर आलेलंच नाही!"

वाटेत कुणीतरी दार बंद केलं होतं. संशयित दोनच उरले, आतून निकामी झालेला पंप किंवा थर्मोस्टॅट.

कसाऱ्याहून मोटारसायकलवर मिस्त्री आले. वरच्या जाड पाइपाच्या तोंडाशी एक घर असतं. ते खोलून त्यांनी अंड्याएवढी पितळी वस्तू काढली. तोच थर्मोस्टॅट. मग क्लीनरच्या स्टोव्हवर चहाचं पातेलं ठेवलं, त्यात पाणी घातलं आणि ती जुनी वस्तू आणि पिशवीतली नवी, अशा दोन्ही दोऱ्याला बांधून सोडल्या. नवीवर 82 हा आकडा कोरलेला होता. पाणी तापत गेलं. उकळी फुटायच्या आधीच नवीची झडप हळूहळू उघडली. जुनी मात्र खळखळत्या पाण्यातही तोंड मिटून बसली होती. चोर सापडला!

यात ना वायर, ना बॅटरी. आत असतं फक्त मेण. मेण वितळताना फुगतं, आणि पितळी डबीत कोंडलेलं असल्यामुळे एका दांड्याला जोरानं ढकलतं. तेवढ्यानं झडप उघडते. निवलं की मेण आकसतं आणि स्प्रिंग झडप मिटवते. 1930च्या दशकात अमेरिकेतल्या सर्जियस व्हर्नेट यांनी असा मेणाचा थर्मोस्टॅट तयार केला. मेणाचं हे फुगणं-आकसणं तुम्हालाही दिसेल. मोठ्यांच्या मदतीनं मेण वितळवून वाटीत ओता. थिजल्यावर मधोमध खळगा पडलेला असेल. पाण्याचं बरोबर उलटं! बर्फ पाण्यावर तरंगतो, पण मेणाचा तुकडा वितळलेल्या मेणात बुडतो.

दार मुळात हवंच कशाला? सकाळी गार इंजिनात डिझेल नीट जळत नाही, तेलही घट्ट असतं. म्हणून आधी पाणी आतल्या आत फिरवून इंजिन लवकर तापवायचं, 82 अंश झाले की मगच रेडिएटरची वाट मोकळी करायची. पुष्कळ जण बिघडलेला थर्मोस्टॅट काढून फेकतात आणि गाडी तशीच चालवतात. मला ते मुळीच पटत नाही. मग इंजिन गारच राहतं, डिझेल जास्त पितं आणि लवकर झिजतं.

आमच्या जुन्या डबीवर क्षारांचा पांढरा थर जमला होता. "बोअरचं पाणी भरता ना?" मिस्त्रींनी विचारलं. मामानं मान खाली घातली.

नवी डबी बसवायला मिस्त्रींनी ती पातेल्यातून बाहेर काढली. वाऱ्यानं ती निवत गेली आणि माझ्या डोळ्यांदेखत झडप मिटली.

"काका," मी म्हणालो, "आणखी एकदा पाण्यात सोडा ना."

क्लीनरनं स्टोव्हला पंप मारला.