चराईचे मोल : पेरुंगुडीचे पुरंबोक्कु आणि मराठी गायरान

मराठीतील 'चराई' हा शब्द एकाच वेळी दोन अर्थ वाहतो : जनावर चारण्याची क्रिया आणि त्या क्रियेबद्दल मोजावे लागणारे मोल. शिलाई, धुलाई, भराई या शब्दांच्या पंक्तीतला हा शब्द आहे. तमिळमधील 'मेय्च्चल' हा शब्द मात्र चरणे आणि चरण्याची जागा एवढेच सांगतो. मोल सांगायचे तर त्याला कर किंवा शुल्क या अर्थाचा दुसरा शब्द जोडावा लागतो. केवळ एका प्रत्ययावरून दोन समाजांविषयी निष्कर्ष काढणे धाडसाचे होईल. तथापि गवताला किंमत कोणी लावली, ती कोणी दिली आणि साहित्याने तिची नोंद कशी घेतली, हा प्रश्न दोन्ही भाषांच्या संदर्भात एकत्र विचारण्याजोगा आहे. त्यासाठी चेन्नईच्या दक्षिणेकडील पेरुंगुडी हे स्थळ विशेष उपयुक्त ठरते.

पेरुंगुडी हे मूळचे चेंगलपट्टू प्रदेशातील गाव. पळ्ळिकरणै या विस्तीर्ण पाणथळीच्या काठी ते वसलेले आहे. या प्रदेशातील महसुली दप्तरात वसाहतीची जागा, तळे, स्मशान आणि चराऊ जमीन यांची नोंद 'पुरंबोक्कु' या सदराखाली होते. त्यांतील चराऊ जमिनीला 'मेय्क्काल पुरंबोक्कु' म्हणतात. 'पुरम्' म्हणजे बाहेर आणि 'पोक्कु' म्हणजे जाणे. सारा आकारण्याच्या हिशेबाबाहेर राहिलेली जमीन, असा त्याचा व्यवहारातील अर्थ. ही जमीन सर्वांच्या उपयोगाची म्हणून कोणा एकाच्या नावे लागत नसे, आणि कोणाच्या नावे लागत नसल्यामुळे तिच्यापासून उत्पन्नही धरले जात नसे. पुढे बोलीत याच शब्दाची शिवी झाली. निरुपयोगी, ऐतखाऊ माणसाला 'पोरंबोक' म्हणतात. ज्या जमिनीला भाडे नाही तिला मोल नाही आणि जिला मोल नाही ती टाकाऊ, असा अर्थाचा उतार या एका शब्दात दिसतो. २०१७ साली टी. एम. कृष्ण यांनी गायिलेल्या 'चेन्नै पोरंबोक्कु पाडल' या गीताने नेमका हाच उतार उलटविण्याचा प्रयत्न केला. त्या गीताचा विषय शहराच्या उत्तरेकडील एण्णूरची खाडी असला, तरी त्यातील युक्तिवाद पेरुंगुडीलाही तितकाच लागू पडतो.

मराठी वाचकाला या दप्तरात आणखी एक ओळखीचा शब्द भेटतो, तो म्हणजे 'मिरास'. चेंगलपट्टूतील मिराशी हक्कांवर एफ. डब्ल्यू. एलिस यांचा प्रबंध १८१८ साली सिद्ध झाला. गावच्या पडीत जमिनीवर मिरासदारांचा अधिकार पोचतो की सरकारचा, हा त्या चर्चेतील कळीचा मुद्दा होता. मराठी मुलखात मिरासदार आणि उपरी हा भेद मुख्यतः लागवडीच्या जमिनीच्या संदर्भात आठवला जातो. तोंडैमंडलातील वाद मात्र नांगर न लागलेल्या जमिनीपाशी येऊन थांबतो. शब्द एकच असला तरी त्यावरील भांडण वेगळे होते.

मराठी राज्यव्यवस्थेत गवताला मोल होते. पेशवाईतील करांच्या यादीत 'वनचराई' आणि 'म्हैसपट्टी' यांचा उल्लेख आढळतो, तर 'कुरण' हा शब्द सरकारी घोडदळासाठी राखलेल्या गवताच्या रानाला लागू होई. चिपळूणजवळच्या छावणीतील जुमलेदार-कारकुनांना शिवाजी महाराजांनी पाठविलेले आज्ञापत्र मराठी गद्याचा नमुना म्हणून वारंवार वाचले जाते. त्यातील चिंता अगदी व्यवहाराची आहे. साठविलेला दाणागोटा आणि गवत बेहिशेबी उधळले तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील, आणि मग स्वार रयतेच्या घरात शिरतील. गवत संपले की त्याची किंमत दुसऱ्याच कोणाला तरी भरावी लागते, हे त्या पत्राला पुरते ठाऊक आहे.

वसाहतकाळात या मोलाचे स्वरूप बदलले. १८७८ चा भारतीय वन कायदा आणि १८८२ चा मद्रास वन कायदा यांनी गावालगतच्या रानांना राखीव ठरविण्याचा मार्ग मोकळा केला. पुढच्याच वर्षी, १८८३ मध्ये, जोतीराव फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये डोंगर-दऱ्यांसह गायराने जंगल खात्याच्या घशात गेल्याची आणि शेतकऱ्याच्या शेरडामेंढरांना जागाच न उरल्याची तक्रार मांडली. चराई ही पूर्वी राजाची पट्टी होती. आता ती परवान्याची बाब झाली, आणि परवाना नसणे हा गुन्हा झाला.

येथे एक उलटा व्यवहारही ध्यानात घ्यावा लागतो. पीक निघाल्यावर धनगराने आपला कळप शेतात रात्री बसवावा आणि त्या खताबद्दल शेतकऱ्याने त्याला धान्य किंवा पैसे द्यावेत, ही दख्खनमधील जुनी रीत. म्हणजे चारणाऱ्याने भाडे द्यायचे नाही, घ्यायचे. तमिळ प्रदेशात अशा बसविलेल्या कळपाला 'किडै' म्हणतात आणि तेच कि. राजनारायणन् यांच्या लघुकादंबरीचे नाव आहे. २००३ च्या 'ओरुत्ति' या चित्रपटाचा आधार हीच कृती. तीत मेंढरांनी उभे पीक खाल्ल्याचा छडा गाव लावू पाहते, आणि चौकशी पुढे सरकते तशी ती पिकाच्या नुकसानीपेक्षा जातीच्या उतरंडीचीच होत जाते. खताच्या मोबदल्यावर उभा असलेला सलोखा किती तकलादू असतो, हे या कृतीइतके नेमके क्वचितच कोणी दाखविले असेल.

व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'त (१९५५) भाड्याचा प्रश्न येतच नाही, कारण भाड्याने घेण्याजोगे गवतच शेवटी उरत नाही. दुष्काळात वाडी उठते आणि धनगर मेंढरे घेऊन परमुलखाची वाट धरतात. परक्या रानात त्यांना काय मोजावे लागेल, हे कादंबरीच्या चौकटीबाहेर राहते. पेरुमाळ मुरुगन् यांची 'कूळमादारी' (२०००) हीच बाहेर राहिलेली बाजू दाखविते. चक्किलियर जातीची मुले जमीनमालकांची शेरडे राखतात, त्यांच्या श्रमाचा मोबदला वर्षाकाठी धान्याच्या रूपाने ठरतो आणि तो घरच्यांच्या हाती पडतो. रान फुकट दिसते, कारण त्याची किंमत एका मुलाच्या बालपणातून वळती झालेली असते. मराठीत 'राखोळी' हा शब्द याच व्यवहाराचा. दुसऱ्याची गुरे राखणे आणि त्याबद्दल मिळणारी मजुरी या दोहोंना तो लागू होतो. दोन्ही साहित्यांचा तुलनात्मक अभ्यास करणाऱ्याने कुरणाचे भाडे शोधताना केवळ जमिनीच्या मालकाकडे न पाहता गुराख्याच्या मजुरीकडेही पाहिले पाहिजे.

याच्या उलट टोकाला गोपकाव्याची परंपरा आहे. संगमकाव्यातील 'मुल्लै' हा भूप्रदेश आयर गोपालकांचा आणि प्रतीक्षेचा. 'शिलप्पदिकारम्'मधील आय्च्चियर कुरवै आणि मराठीतील गौळणी व काला यांची नातीही सहज जुळतात. या काव्यातील रानाला मालक नसतो. मथुरेच्या बाजारी जाणाऱ्या गौळणीच्या वाटेवर दाण मागितले जाते ते दही-दुधाचे. गवतावर कोणी दाण लावल्याचे ऐकिवात नाही. संगमकाव्याच्या 'वेट्चि' या प्रकरणात गाई लुटल्या जातात, कुरण लुटले जात नाही. धनगरी ओव्यांचा आणि देवतांचा अभ्यास करणाऱ्या गुंथर सोन्थायमर यांनी मेंढपाळ आणि शेतकरी यांच्यातील ताणाकडे लक्ष वेधले, ते या निर्भाड रानाच्या कल्पनेला ऐतिहासिक जमिनीवर आणण्यासाठी मोलाचे ठरते.

मात्र 'मोफत' या शब्दाचीही छाननी आवश्यक आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २२ अन्वये गावच्या गुरांसाठी मोफत चराईची जमीन राखून ठेवता येते. ज्याच्या दावणीला गुरे, त्यालाच या फुकटपणाचा लाभ. ज्याला जमीनही नाही आणि जनावरही नाही, त्याच्या वाट्याला गायरानातून काहीच येत नाही. दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखालील १९५९ आणि १९६४-६५ च्या भूमिहीन सत्याग्रहांनी पडीत व सरकारी जमिनी कसणाऱ्यांना द्याव्यात अशी मागणी केली, तिच्यामागे हाच हिशेब होता. त्यामुळे मराठवाड्यातील गायरानाचा वाद गवत विरुद्ध अतिक्रमण एवढा सरळ नाही. जमीन कसणारे दलित कुटुंब आणि चराईचा हक्क सांगणारे गाव, या दोहोंच्या मागण्या सामायिक जमिनीचीच भाषा बोलतात. सामायिक जमिनींवरील अतिक्रमणांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली जगपाल सिंग खटल्यात दिलेला निर्णय आणि गायरानांवरील बांधकामे हटविण्याबाबत मुंबई उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये घेतलेली भूमिका यांचे वाचन हा इतिहास बाजूला ठेवून करता येत नाही.

जागा नसलेल्या गुराची किंमत ठरविणारी आणखी एक संस्था म्हणजे कोंडवाडा. १८७१ च्या गुरांच्या अतिक्रमणाविषयीच्या कायद्याने तिला देशभर कायदेशीर चौकट दिली. दया पवार यांनी आपल्या १९७४ च्या कवितासंग्रहाला 'कोंडवाडा' हे नाव दिले, तेव्हा गुरांसाठीचा हा शब्द माणसांच्या कोंडलेपणासाठी वापरला गेला. गुरे सोडवून नेताना दंड भरावा लागतो, ही खेड्यातील प्रत्येकाच्या माहितीची बाब त्या शीर्षकामागे उभी आहे.

पेरुंगुडीत चराईचे मोल आज प्रामुख्याने याच रूपात उरले आहे. पळ्ळिकरणैच्या पाणथळीचा मूळ विस्तार सुमारे पन्नास चौरस किलोमीटर असल्याचे मानले जाते. त्याचा अल्प अंशच शिल्लक आहे. तिच्या एका भागावर महानगराचा कचरा पडू लागला, काठाने माहिती तंत्रज्ञानाच्या कचेऱ्या उभ्या राहिल्या आणि २०११ मध्ये पेरुंगुडी महानगरपालिकेत सामील झाले. २००७ मध्ये पाणथळीचा ३१७ हेक्टरांचा भाग वनखात्याच्या संरक्षणाखाली गेला. २०२२ मध्ये पळ्ळिकरणैला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. त्याच वर्षी मद्रास उच्च न्यायालयाने राज्यातील सर्व वनांत गुरे चारण्यास मनाई केली आणि काही दिवसांतच ती मनाई अभयारण्ये, राष्ट्रीय उद्याने व व्याघ्र प्रकल्प यांपुरती मर्यादित केली. पाणथळ वाचली पाहिजे, याविषयी दुमत संभवत नाही. परंतु दप्तरात टाकाऊ ठरलेली जमीन प्रथम कचऱ्याला मोकळी झाली आणि मौल्यवान ठरल्यावर संरक्षित झाली. या दोन्ही टप्प्यांत दोन-चार गाईंवर दुधाचा रतीब घालणाऱ्याला विचारले गेल्याचे दिसत नाही. त्याची जनावरे रस्त्यावर येतात, उकिरड्यावर चरतात आणि पकडली गेल्यास पेरंबूर किंवा पुदुप्पेट्टै येथील महानगरपालिकेच्या कोंडवाड्यात जातात. पहिल्यांदा पकडलेल्या गुरामागे आकारला जाणारा दंड २०२४ मध्ये ५,००० रुपयांवरून १०,००० रुपये करण्यात आला. चराईच्या पावतीवर निदान काही काळ चारण्याचा हक्क नोंदलेला असे. या पावतीवर तोही नसतो.