परतीच्या वाटेवरचा दिवा

लातूरच्या गंजगोलाईत संध्याकाळच्या गर्दीत गाडी मागे घेणं हे धीराचं काम आहे. मान वळवायची, एक हात शेजारच्या सीटवर टाकायचा, क्लच अर्ध्यावर धरायचा आणि हातगाडीवाला, स्कूटरवाला, पिशव्या सांभाळत निघालेल्या मावशी अशा सगळ्यांना एकाच वेळी कळवायचं, की बाबांनो, मी आता उलटा येतोय. हा निरोप गाडीच्या पाठीवरचा एक छोटा पांढरा दिवा पोचवतो.

रात्रीच्या रस्त्याचं व्याकरण सोपं आहे. पांढरा उजेड म्हणजे समोरून येणारी गाडी, तांबडा म्हणजे पुढे निघालेली. नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरला येताना अंधारात आपण याच व्याकरणावर विसंबून असतो. नंबरप्लेटवरचा मिणमिणता दिवा सोडला, तर गाडीच्या मागच्या अंगाला पांढरं काही दिसत नाही. रिव्हर्स टाकला की मात्र तिथे पांढरा उजेड पडतो आणि गाडी जणू जाहीर करते, की आता पाठ हेच माझं तोंड समजा.

हा दिवा बंद पडला, तोही एखाद्या जुन्या, हाताने गिअर टाकायच्या स्पोर्ट्स कारचा, तर? नांदेड-लातुरात अशा गाड्या रोज दिसत नाहीत. पण आपल्या मुलखाला त्या अगदीच परक्या नाहीत. १९९८च्या सुमारास गोव्यात ‘सॅन स्टॉर्म’ नावाची बुटकी, दोनच माणसांची गाडी तयार होऊ लागली. तिला रेनॉचं ११४९ सीसीचं इंजिन होतं. पुढे अलिबागला ‘चिंकारा रोडस्टर’ बनली. इंग्लंडात १९५७ साली आलेल्या लोटस सेव्हनच्या धाटणीची ही गाडी १.८ लिटरच्या इसुझू इंजिनावर पळायची. दोन्हींच्या अंगावर पत्रा नव्हता, फायबरग्लास होतं. हे फायबरग्लास लक्षात ठेवा. आपला दिवा पुढे तिथेच अडकणार आहे.

आधी गिअरबॉक्समध्ये डोकावू. इंजिन कायम एकाच दिशेने फिरतं, त्याला उलटं फिरता येत नाही. मग गाडी मागे कशी जाते? दोन दातेरी चाकं एकमेकांत अडकवा. एक उजवीकडे फिरलं की दुसरं डावीकडे फिरतं. त्यांच्या मध्ये तिसरं घातलं, की शेवटचं चाक पुन्हा पहिल्याच्या दिशेने फिरू लागतं. म्हणजे साखळीत एक चाक वाढलं, की दिशा उलटली. रिव्हर्समध्ये एवढंच घडतं. त्या मधल्या चाकाला ‘आयडलर’ म्हणतात, शब्दशः रिकामटेकडा! त्याला दात किती आहेत, यावर गाडीचा वेग ठरत नाही. तो वेग कमी करत नाही, जास्तही करत नाही. पण तो मध्ये आल्याशिवाय गाडी तसूभरही मागे सरकत नाही.

जुन्या गाड्यांत हे चाक बहुधा आडवं सरकत येऊन जागेवर बसतं. सरकून बसायचं म्हणून त्याचे दात सरळ कापलेले असतात. पुढच्या गिअरांचे दात तिरपे असतात. ते एकमेकांत हळूहळू शिरतात, म्हणून आवाज करत नाहीत. सरळ दात मात्र अख्ख्या रुंदीने एकदम भिडतात. गाडी मागे घेताना येणारा तो ‘घूंऽऽ’ आवाज त्यांचाच.

आता दिव्याकडे येऊ. गाडी मागे निघाली, हे दिव्याला सांगतं कोण? गिअरबॉक्सच्या अंगात बोल्टसारखा आवळलेला एक स्विच असतो. त्याच्या टोकाला स्प्रिंगवर बसलेली एक गोळी किंवा खिळा असतो. तुम्ही रिव्हर्स टाकला, की आत सरकणारा दांडा त्या गोळीला जेमतेम एक-दोन मिलिमीटर दाबतो. आतले दोन तांब्याचे ठिपके टेकतात आणि मागे दिवा लागतो. त्यात ना सेन्सर, ना कॉम्प्युटर. १९८३ साली आलेल्या मारुती ८००चा रिव्हर्सचा दिवाही असाच गिअरबॉक्सवरच्या स्विचने लागतो. म्हणून तिची वायरिंग ज्या ऑटो इलेक्ट्रिशियनच्या बोटांना पाठ आहे, त्याला स्पोर्ट्स कारचं दडपण यायचं कारण नाही.

या एक-दोन मिलिमीटरच्या कारभारात एक गंमत दडली आहे. स्विचखाली ऑईल गळू नये म्हणून वॉशर असतो. कुणी हौसेने एकाऐवजी दोन वॉशर टाकले, की स्विच तेवढाच बाहेर राहतो आणि दांडा गोळीपर्यंत पोचत नाही. नवा कोरा स्विच असूनही दिवा लागत नाही. उलट वॉशर फार पातळ असला, तर गोळी कायम दाबलेली राहते आणि गाडी सरळ पुढे जात असतानाही मागे पांढरा दिवा पेटलेला दिसतो. काही जुन्या इंग्लिश गाड्यांत तर स्विच बरोबर जागेवर यावा म्हणून मुद्दाम पातळ-जाड वॉशर घालून तो जुळवतात.

बल्बही कमी नवलाचा नाही. साधारणपणे तो बारा व्होल्ट, एकवीस वॉटचा असतो. पेटल्यावर त्यातून पावणेदोन अँपिअर करंट वाहतो, म्हणजे तारेचा रोध सात ओहमच्या आसपास झाला. पण तोच बल्ब काढून थंड असताना मल्टिमीटरवर मोजा, अर्धा-पाऊण ओहमच दिसेल. नवशिक्याला वाटतं, बल्ब शॉर्ट झाला. खरं तर टंगस्टनची तार सुमारे अडीच हजार अंश सेल्सिअसला तापते तेव्हा तिचा रोध दहापट वाढतो. म्हणूनच जुने बल्ब बहुधा लागतानाच उडतात. थंड तारेतून पहिल्या क्षणी नेहमीच्या कितीतरी पट करंट धावतो आणि झिजलेल्या जागी तार तुटते.

आता फायबरग्लासकडे. बॅटरीतून निघालेला करंट आधी फ्यूजबॉक्समध्ये येतो. गंजगोलाईची १९१७ साली बांधलेली गोल इमारत आणि तिला येऊन मिळणारे सोळा रस्ते डोळ्यांसमोर आणा. फ्यूजबॉक्सही तसाच मधला चौक. तिथून एक वायर स्विचकडे जाते, स्विचमधून मागच्या बल्बकडे. पण करंटला परत बॅटरीकडे यावंच लागतं. फेरा पूर्ण झाला नाही, तर तो निघतच नाही. पत्र्याच्या गाडीत परतीची वायर टाकायची गरज पडत नाही. बल्बचा होल्डर पत्र्याला टेकतो, बॅटरीची निगेटिव्ह पत्र्याला जोडलेली असते, आणि अख्खी बॉडीच परतीची वाट होते. यालाच आपण ‘अर्थ’ म्हणतो. फायबरग्लासमधून वीज वाहत नाही. अशा गाडीत प्रत्येक दिव्याची परतीची वायर वेगळी टाकावी लागते. समुद्रकाठी जन्मलेल्या या गाड्यांची बॉडी गंजत नाही हे खरं. पण त्या वायरीच्या टोकाचा पितळी लग मात्र खाऱ्या हवेत हिरवा पडतो. आपल्याकडे खारी हवा नसली तरी पावसाळ्यात उडालेला काळ्या मातीचा चिखल कनेक्टरमध्ये ओल धरून बसतोच.

गंजलेल्या अर्थचा खेळ भुताटकीसारखा दिसतो. रिव्हर्स टाकला की पांढरा दिवा लागत नाही, पण शेजारचा तांबडा टेल लॅम्प मंद पेटतो! भूत वगैरे काही नसतं. दोन्ही बल्बचा अर्थ एकच असतो आणि तो तुटलेला असतो. मग रिव्हर्सच्या बल्बमधून आलेला करंट टेल लॅम्पच्या तारेतून उलटा शिरतो, दुसऱ्या बाजूच्या दिव्यापर्यंत जातो आणि तिथल्या अर्थने घरी पोचतो. या लांबच्या फेऱ्यात करंट थोडासाच वाहतो. टेल लॅम्पची तार बारीक, तिला तेवढा पुरतो. रिव्हर्सची जाड तार तेवढ्याने लालसुद्धा होत नाही.

दुरुस्तीला बसायचं तर क्रम साधा ठेवा. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड लावलेले. इंजिन बंद, चावी ऑन, रिव्हर्स टाकलेला. दोन दिव्यांपैकी एकच गेला असेल, तर दोष मागे आहे: बल्ब, होल्डर किंवा अर्थ. दोन्ही गेले असतील, तर आधी फ्यूज पाहा, मग गिअरबॉक्सवरच्या स्विचच्या दोन वायरी काढून तारेच्या तुकड्याने एकमेकींना जोडा. दिवे लागले, तर स्विच गेला. तो काढताना खाली ट्रे धरा, काही गाड्यांत त्या भोकातून गिअर ऑईल येतं. नवा स्विच बसवताना वॉशर जुन्याच जाडीचा घ्या.

होल्डर काचकागदाने घासून पितळ चकचकीत करा आणि वर थोडी पेट्रोलियम जेली लावा. मग बल्ब पेटलेला असताना मल्टिमीटरची एक पिन होल्डरच्या अंगाला आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला टेकवा. आकडा शून्याच्या जवळ हवा. दीड व्होल्ट दिसला, तर तेवढा जोर परतीच्या वाटेतच खर्च होतोय. दीड व्होल्ट किरकोळ वाटतो. पण बल्बचा उजेड व्होल्टेजच्या मानाने फार झपाट्याने उतरतो. बाराचे साडेदहा झाले, की एक तृतीयांशाहून जास्त उजेड गेला.

तेव्हा पाठीवरचा दिवा मंद झाला, म्हणून दुकानात जाऊन जास्त वॉटचा बल्ब आणू नका; होल्डर तापेल, काच पिवळी पडेल आणि उजेड होता तसाच राहील. आधी अर्थचा एक स्क्रू काढा, घासा, परत आवळा. बहुतेक वेळा दुरुस्तीचा खर्च तेवढाच असतो: काचकागदाचा एक तुकडा.